अमूर्त कल्पनेला खरीखुरी वस्तू मानलं तर बिघडतं काय?

तुमचा प्रश्न असा, की सगळेच तसं बोलतात, मग त्यात चुकतं काय? बोलण्यापुरतं काहीच चुकत नाही. पण त्या कल्पित वस्तूला आपण कारण म्हणून पुढे करायला लागलो की बिघडतं. मी बुद्ध्यांकाचं (IQ) उदाहरण देतो.

1905 साली पॅरिसमध्ये मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी तेओदोर सिमाँ यांनी 30 कसोट्यांची चाचणी तयार केली. शाळेत कोणत्या मुलांना जादा मदत लागेल ते ओळखायचं, हा हेतू. कसोट्या साध्या: ऐकलेले तीन आकडे परत म्हणायचे, 3 आणि 12 ग्रॅमच्या डब्यांतली जड कोणती ते ओळखायचं, माशी आणि फुलपाखरात फरक काय ते सांगायचं. 1912 मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला, म्हणजे मुलाला ज्या वयाच्या मुलांइतकं जमतं त्या वयाला, खऱ्या वयाने भागायला सुचवलं. पुढे त्याला 100 ने गुणायची पद्धत पडली. दहा वर्षांच्या मुलाला आठ वर्षांच्या मुलांइतकंच जमलं तर 80. हाच बुद्ध्यांक. झाला एक भागाकार!

आता पालकसभेत ऐका: "त्याचा बुद्ध्यांकच 80, गणित कुठून जमणार?" बरं, 80 कशावरून? तसलेच प्रश्न सुटले नाहीत, त्यावरून. म्हणजे न जमण्याचं कारण काय, तर न जमणं. फलंदाजाची सरासरी 45 आहे म्हणून त्याच्या धावा होतात, असं कुणी म्हणत नाही. धावा झाल्या म्हणून सरासरी 45. बुद्ध्यांकाच्या बाबतीत मात्र भलेभले उलटं बोलतात, आणि मूल ते ऐकत असतं. याचा मला फार त्रास होतो.

याची किंमत माणसांनी मोजली आहे. अमेरिकेत कॅरी बक या तरुणीचं मानसिक वय चाचणीवरून 9 ठरवलं गेलं आणि तिच्यावर 'मंदबुद्धी' असा शिक्का बसला. शाळेत ती नीट पास होत आली होती. तरीही 1927 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली.

खुद्द बिने बुद्धीला ठरावीक मापाची वस्तू मानायला तयार नव्हते. मागे पडलेल्या मुलांचं लक्ष टिकावं म्हणून ते त्यांना 'पुतळा' होऊन स्तब्ध राहण्याचे खेळ द्यायचे. चाचणी वाईट नाहीच. मराठी मुलांसाठी बिने-कामत चाचणी आहे, आणि तिचा उपयोगही होतो. फक्त अहवाल हातात आला की समुपदेशकांना आकड्याच्या पुढचं विचारा: कोणते प्रश्न अडले, आणि त्यासाठी उद्यापासून घरी काय करायचं?