रांग संपत नाही तेव्हा

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा कमाटीबागेत भेटलीस तेव्हा म्हणालीस, "कंटाळा आलाय मावशी, बाकी काही नाही." अगं, कंटाळलेला माणूस सेव-उसळीचं नाव काढल्यावर तरी जागचा हलतो. तू मान वर केली नाहीस, म्हणून हे पत्र.

मीही बँकेत काउंटरवर जन्म काढला. एका मार्चमध्ये मला माणसं दिसेनाशी झाली. पेन्शनला येणाऱ्या म्हाताऱ्यांना मी मनातल्या मनात 'पासबुकं' म्हणायला लागले. अजून चाळीस पासबुकं उरलीत, की मग डबा. हिशेब पैशापर्यंत जुळायचा. घरी आल्यावर सासूबाईंनी "कोथिंबीर आणलीस का गं?" एवढं विचारलं की मला रडू फुटायचं. साहेबांना सांगून पाहिलं, तर "सगळ्यांचंच असं असतं" म्हणाले. मी गप्प बसले. ती माझी चूक.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये या अवस्थेची, म्हणजे 'बर्नआउट'ची, तीन लक्षणं नोंदवली: अंगातलं त्राण जाणं, कामाविषयी तुटलेपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटत राहणं. संघटना याला आजार म्हणत नाही. कामाच्या जागी साचलेल्या, वेळीच न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणते. ताण जिथे साचतो, उपसाही तिथूनच करायला हवा. तुमच्या ऑफिसात योगाचा तास ठेवलाय म्हणालीस. जरूर जा, पण त्याने काउंटरपुढची रांग एका माणसानेही कमी होत नाही.

तेव्हा आठ दिवस डायरीच्या मागच्या पानावर टिपून ठेव, नेमक्या कोणत्या कामानंतर पाणी प्यायचंही सुचत नाही. माझा अंदाज विचारशील तर आकडेमोडीने तू दमत नाहीस. लोकांचा राग हसऱ्या तोंडाने झेलण्यात तुझा जीव जातो. मग साहेबांना लेखी अर्ज दे. "मला झेपत नाही" असं मोघम लिहू नकोस, नेमकं माग: तक्रारींचं टेबल आलटून-पालटून द्यावं, सलग दोन तासांहून जास्त नको, आणि डब्याच्या अर्ध्या तासात कुणी हाक मारू नये. तोंडी बोलणं हवेत विरतं, कागदाला उत्तर द्यावं लागतं.

रजा साठवू नकोस. आपल्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीतल्या मगरी बघ, दुपारभर काठावर पडून असतात आणि कुणाची परवानगी मागत नाहीत!

झोप उडाली असेल, किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर अर्जाची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. रात्री-अपरात्री सरकारच्या 'टेली मानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन कर. मोफत आहे, चोवीस तास चालतो. आणि मला उठवायलाही संकोचू नकोस, माझी झोप तशीही सावध असते.

रविवारी अर्जाचा मसुदा घेऊन दांडिया बाजारात घरी ये. पहिलंच वाक्य "आपल्याला त्रास देत आहे, क्षमस्व" असणार, मला ठाऊक आहे. ते आधी खोडू, मग चहा.

तुझी,
मावशी