मिसळीबरोबर नाशिकची कुठली वाईन चालेल? सुला सोडून सांगा

तुम्ही लिहिलंय की मिसळीबरोबर शिराज ही रेड वाईन घेतली, तोंड पेटलं, म्हणजे नाशिकच्या वाईनमध्ये दम नाही. हा निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही. वाईन बरी होती, जोडी चुकली.

रेड वाईनमध्ये द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरलेला तुरटपणा असतो. तर्रीच्या तिखटावर तो पडला की जीभ कोरडी पडते आणि अल्कोहोलने जळजळ आणखी वाढते. काळ्या मसाल्याच्या मिसळीला शेनिन ब्लाँ ही पांढरी वाईन घ्या, तीही किंचित गोडसर. तेवढ्या गोडीने तिखट मऊ होतं आणि तिचा आंबटपणा फरसाणाचं तेल कापतो. फक्त लिंबू जपून पिळा. ताटातला आंबटपणा वाईनपेक्षा वरचढ झाला की तीच वाईन पाणचट लागते. आधी लिंबाशिवाय दोन घास खा, एक घोट घ्या, मग लिंबू पिळून पुन्हा घोट घ्या. फरक लगेच कळतो.

बाटली थंड हवी, ८ ते १० अंश. फ्रिजमध्ये अडीच-तीन तास ठेवा. घाई असेल तर बादलीत निम्मं पाणी, निम्मा बर्फ आणि मूठभर मीठ घालून मानेपर्यंत बुडवा, वीसेक मिनिटांत होते. पाणी न घालता नुसत्या बर्फात ठेवू नका, बाटलीला तो जागोजागीच टेकतो आणि वेळ जातो. रेड 'रूम टेंपरेचरला' प्यावी हे वाक्य थंड देशातलं. एप्रिलमधल्या नाशिकच्या खोलीत ती नुसती अल्कोहोलसारखी नाकात जाते. अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवून मगच उघडा.

आता सुला या नाशिकच्या मोठ्या वाईन कंपनीबाहेरचं. निफाडकडची रेव्हेलो ही वाईनरी इटालियन द्राक्षं लावते. तिची पांढरी ग्रिलो साबुदाणा वड्याबरोबर घ्या, रेड नेरो दाव्होला सुक्या मटणाबरोबर, पण मटण बेताचं तिखट हवं. इगतपुरीकडच्या व्हॅलोन वाईनरीची पांढरी व्हिओनिये मला कोथिंबीर वडीपेक्षा पनीर टिक्क्याबरोबर जास्त पटते. कोथिंबीर वडीला सोव्हिन्यों ब्लाँ ही पांढरी वाईनच हवी, तिच्यात हिरव्या पाल्याचा वास असतो. गंगापूर धरणाजवळची यॉर्क चांगली आहे, पण २०२१ पासून ती सुलाकडेच आहे, म्हणजे तुमच्या अटीत बसत नाही. भजी, वडापाव, चिवडा यांना कोरडी, म्हणजे गोड नसलेली, स्पार्कलिंग वाईन. बुडबुडे आणि तळण यांचं जमतंच.

पुण्या-मुंबईचे जाणकार म्हणतात की मराठी तिखटाला बिअरच बरी. कोमट रेड पिऊन दिलेला हा निकाल आहे. बिअरच्या कडवटपणानेही तिखट चढतंच, हे कोणी बोलत नाही.

दुकानात एक बघा. बाटली बुचावरच्या आवरणाखाली चिकट असेल, बूच वर सरकलं असेल किंवा पांढरी वाईन तपकिरी झाली असेल तर ती उन्हाळ्यात तापलेली असू शकते, घेऊ नका. पांढरी घेताना लेबलवरचं साल बघा, दोन वर्षांपेक्षा जुनी साधी शेनिन नकोच. हे साल द्राक्षांच्या काढणीचं असतं. काढणी जानेवारी ते मार्चमध्ये होते, त्यामुळे नव्या सालाची वाईन पावसाळ्याच्या आसपास मिळायला लागते.

आणि हो, सगळी शेनिन गोडसर नसते. काही अगदी कोरड्या असतात आणि त्या झणझणीत रश्श्यापुढे टिकत नाहीत. लेबलवर लिहिलेलं नसेल तर दुकानदाराला विचारा. उरलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, तीन दिवसांत संपवा.