घरी रीड डिफ्यूझर (सुगंधी तेलाच्या बाटलीत काड्या उभ्या करून घर दरवळवायचं साधन) बनवताना खोबरेल तेल चालेल का? प्रमाण किती घ्यावं?

नको. नाशिकसारख्या थंडीच्या गावात तर मुळीच नको.

आमच्या थोरल्या वन्सं डोकेदुखीपासून दाराच्या कुरकुरीपर्यंत सगळ्यावर खोबरेल सुचवतात. एका दिवाळीला त्यांनी डिफ्यूझरही त्यातच केले आणि घरोघर वाटले. लाकडी घाण्याचं तेल, त्यात लॅव्हेंडरचे चार थेंब आणि कबाबच्या काड्या. बाटल्या दिसायला सुरेख, लेबलंही हाताने रंगवलेली. वास मात्र खोबऱ्याच्या वडीचा. मी गप्प बसले. नाताळच्या सुमारास थंडी पडली आणि तेल असं थिजलं, की काडी ओढली तर बाटलीच उचलून यायची. वन्संनी घाणेवाल्याला फोन करून भेसळीवरून झापलं. बिचाऱ्याचा काय दोष? शुद्ध खोबरेलसुद्धा २४ अंशांच्या खाली गोठतंच. एवढं मी म्हटलं, तर ‘हिला सगळं विकतचंच लागतं’ हे चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं.

असो. काडीतून वर चढायचं तर तेल पातळ हवं आणि त्याला स्वतःचा वास नको. करडईचं रिफाइंड घ्या. घाण्याचं तेल शुद्ध असेल, ते भाजीत घाला. खोबरेलाचाच हट्ट असेल तर फ्रॅक्शनेटेड, म्हणजे गोठणारा भाग काढून टाकलेलं मिळतं, ते थंडीतही पातळ राहतं. काड्या वेताच्याच आणा, वेतात सलग बारीक नळ्या असतात. बाटली अरुंद तोंडाची. १०० मिलीत ७० करडई, ३० इसेन्शियल ऑइल, म्हणजे लॅव्हेंडरसारखं वनस्पतीचं सुगंधी तेल. हो, ३० मिली, थेंब नव्हे! महाग पडतं. पण चार थेंबांत घर दरवळत नाही, कोणी कितीही ठणकावून सांगितलं तरी.

अर्थात विकतच्याइतका दरवळ यातूनही येणार नाही. विकतच्यात बहुधा डीपीजीसारखं (डायप्रोपिलीन ग्लायकॉल) द्रावक असतं. आपलं तेल उडून जात नाही, काडीतच साचतं. म्हणून आठवड्याला काड्या उलट्या करा आणि वास मंदावला की सरळ बदला. पॉलिशच्या लाकडावर बाटली ठेवू नका, सांडलं की डाग पडतो. समई-निरांजनापासूनही लांब ठेवा. आणि घरात मांजर असेल तर हा नादच सोडा, टी ट्रीसारखी तेलं मांजरांना विषारी असतात. वन्संकडे दोन मांजरी आहेत. हेही मी तेव्हाच सांगितलं होतं.