आई हास्यक्लबला गेलीय

"ताई, मी 64 वर्षांची. बँकेतून निवृत्त झाल्यावर ट्रेकिंगला लागले, आता त्याशिवाय करमत नाही. फेब्रुवारीत राजगडावरून गुंजवण्याच्या बाजूने उतरताना घसाऱ्यावर पाय सटकला, हातावर पडले, डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. सुनेने रोज वेणी घालून दिली, मुलाने रजा काढली. प्लास्टर निघालं त्या दिवशी मुलगा म्हणाला, 'आई, आता बास.' यांनी बूट माळ्यावर टाकले, वर 'या वयात शोभतं का' हेही ऐकवलं. आता दर शनिवारी हास्यक्लबला जाते सांगून निघते आणि सिंहगड करून येते. नवे बूट मैत्रिणीकडे असतात. मुलाने दिलेलं घड्याळ लोकेशन दाखवतं, म्हणून ते घरीच चार्जिंगला. डिसेंबरात ग्रुपचा कळसूबाई आहे, रात्री चढून वर सूर्योदय बघायचा. मी चुकतेय का? ता. क. बीपीची गोळी चालू आहे, चष्मा प्रोग्रेसिव्ह. – गडकरीण, कोथरूड"

गडकरीणबाई, हास्यक्लबचं वाचून मी खूप हसले. घड्याळापाशी आल्यावर मात्र हसू आवरलं. ऐन पावसाळ्यात, शेवाळलेल्या पायवाटेवर तुम्ही उतरताय आणि घरचे समजतायत की आई बागेत हात वर करून हा-हा करतेय. पाय मुरगळला तर फोन कोणाला लावणार? मैत्रिणीला. मग तिने तुमच्या मुलाला काय सांगायचं? तिला तुम्ही कशात अडकवलंय याचा विचार केलाय का?

चुकताय ते एवढ्यापुरतं. गड चढण्यात काही चूक नाही. "शोभतं का" या प्रश्नाला तर मी या स्तंभात जागाच देणार नाही. मुलाचं मात्र वेगळं आहे. सहा आठवडे सुनेने वेणी घातली हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. त्या दोघांनी तुम्हाला ब्लाउजच्या बाहीत हात घालता येत नाही म्हणून रडवेलं झालेलं पाहिलं असणार. त्यांच्या 'बास'मध्ये भीती आहे, आणि भीतीवर थापा मारून भागत नाही. एक दिवस त्या उघड्या पडतील आणि मग घरातून बाहेर पडायचीही चोरी होईल.

आता मनगटाकडे वळू, कारण मला खरी काळजी त्याची वाटतेय. तुम्ही दरीत कोसळला नाहीत. चालता चालता पडलात, आणि हाड मोडलं. पाळी गेल्यानंतर एवढ्याशा पडण्याने मनगट मोडलं, तर हाडं ठिसूळ झालीत का हे तपासायलाच हवं. तुमच्या अख्ख्या पत्रात त्या तपासणीचा उल्लेख नाही. प्लास्टर घातलं, काढलं, संपलं! डेक्सा नावाची तपासणी असते. कंबरेचे मणके आणि खुबा यांची घनता मोजतात. सुई नाही, काही नाही, थोडा वेळ पडून राहायचं. ती आधी करा, सोबत ड जीवनसत्त्वही बघून घ्या. रिपोर्टमधला घनतेचा आकडा, म्हणजे टी-स्कोअर, उणे 2.5 किंवा त्याहून खाली आला तर त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात आणि त्यावर औषधं आहेत. मनगटावर निभावलं, पुढच्या वेळी खुबा असू शकतो.

गंमत अशी, की घरी बसवून ही हाडं सुधारणार नाहीत. हाडांना भार लागतो, चालण्याचा आणि वजनं उचलण्याचा. तेव्हा मुलाला सांगायला तुमच्याकडे चांगला मुद्दा आहे. फक्त तो रिपोर्ट हातात घेऊन मांडा.

तुमच्या ग्रुपवर म्हातारपणी मॅरेथॉन पळालेल्या फौजासिंगांचे फोटो फिरत असणार, आणि त्या जपानी आजोबांचेही. युइचिरो मिउरा 2013 मध्ये ऐंशीव्या वर्षी एव्हरेस्टवर पोचले, हे खरंच आहे. उतरताना ते इतके थकले की कॅम्प 2 वरून त्यांना हेलिकॉप्टरने आणलं, हे त्या फॉरवर्डमध्ये नसतं. कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावात हेलिकॉप्टर येत नाही.

तुम्हीही पडलात ते उतरतानाच. चढताना दम लागतो, म्हणून आपण सगळी तयारी दमाची करतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं वजन झेलतात, आणि साठीनंतर स्नायू झपाट्याने झिजतात. त्यामुळे नुसता दर शनिवारी सिंहगड करून भागणार नाही. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभं राहायचं, कठडा धरायचा, एक पाय पुढे काढून दुसरा गुडघा हळूहळू वाकवत टाच जमिनीला टेकवायची, की परत वर. चार मोजत खाली, घाईने नाही. खुर्चीतून हात न टेकता उठबस करा. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला बोट लावून एका पायावर उभ्या राहा. आठवड्यातून दोनदा वजनं उचला, सुरुवातीला कोणी शिकवणारं हवं. ताटात वरणाच्या जोडीला उसळ, दही, पनीर किंवा अंडं असू द्या. नुसत्या वरणभातावर स्नायू टिकत नाहीत. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

ता. क.मध्ये तुम्ही सगळ्यात महत्त्वाचं लिहिलंत. प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो, त्यातून पायाखालची पायरी धूसर दिसते. उतरण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा साधा चष्मा करून घ्या, आणि त्याच फेरीत मोतीबिंदूही तपासा. बीपीच्या काही गोळ्या नाडी वाढू देत नाहीत, म्हणून घड्याळावरच्या नाडीच्या आकड्यावर विसंबू नका. चढताना सोबतच्या बाईशी पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग कमी करा. तहान लागायची वाट न बघता पाणी प्या. ट्रेडमिल टेस्ट झाली नसेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. छातीत दडपण आलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच बसा आणि लीडरला सांगा. ग्रुपची खोटी होईल वगैरे बाजूला ठेवा.

काठ्या दोन घ्या, एक नाही. उतरताना त्यांची लांबी थोडी वाढवायची. कळसूबाईच्या शिड्यांवर मात्र त्या मिटून सॅकमध्ये टाका, दोन्ही हात कठड्याला हवेत.

मुलाला या शनिवारी सांगा. यांना आणि सुनेलाही समोर बसवा. परवानगी मागत बसू नका: कुठे जाते, कोणाबरोबर, किती वाजता परत, एवढं सांगा आणि घड्याळ मनगटावर चढवा. पुढच्या आठवड्यात मुलाला सिंहगडावर सोबत न्या. तुम्ही कशा उतरता ते त्याने डोळ्यांनी बघितलं की अर्धं भांडण मिटेल. (आतकरवाडीच्या वाटेवर तोच धापा टाकू लागला तर चेष्टा करू नका. निदान घरी पोचेपर्यंत तरी.) पाऊस सरेपर्यंत एरवी वेताळ टेकडी पुरे.

कळसूबाईबद्दल माझं स्पष्ट मत: रात्रीचा नको. शिड्या, गर्दी, हेडटॉर्चचा उजेड आणि तुमचा चष्मा, हे गणित मला पसंत नाही. 1646 मीटरवरचं महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच देऊळ दुपारीही तिथेच असतं. चारपाच जणींनी उजाडल्यावर निघून अंधार पडायच्या आत बारीत परतायचं, असा वेगळा बेत लीडरला विचारून बघा. डेक्साचा रिपोर्ट हाडांच्या डॉक्टरांना दाखवून होकार मिळेपर्यंत आगाऊ पैसे भरू नका; बहुतेक ग्रुप ते परत करत नाहीत.