उत्तर: लोड आला की 'बॅड फाइल डिस्क्रिप्टर', लॉगची ओळ क्लायंटच्या सॉकेटवर

तुमची पोस्ट वाचली आणि आमचं जुनं दुखणंच समोर आलं. लोड वाढला की लॉगर 'बॅड फाइल डिस्क्रिप्टर' देतो, एकदा तर लॉगची ओळ थेट क्लायंटच्या कनेक्शनवर गेली, आणि डेव्हलपमेंट मशीनवर काही केल्या तसं घडत नाही, असं तुम्ही म्हणता. लॉगरच्या मागे लागू नका, त्याचा काही दोष नाही. तुमच्या प्रोसेसमध्ये दुसरंच कुणीतरी एकच एफडी (फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे उघडलेल्या फाइलला किंवा कनेक्शनला ऑपरेटिंग सिस्टम देते तो नंबर) दोनदा क्लोज करतंय. कोड पाहिलेला नाही, त्यामुळे खात्री देत नाही. पण लक्षणं तंतोतंत तीच आहेत.

आम्हाला ते स्ट्रेसमध्ये (strace, प्रोसेस ऑपरेटिंग सिस्टमला काय काय करायला सांगते ते ओळीओळीने नोंदवणारं साधन) सापडलं. एका थ्रेडने १४ नंबर क्लोज केला, उत्तर शून्य, म्हणजे यशस्वी. तेवढ्यात लॉग रोटेट झाला, लॉगरच्या थ्रेडने नवी फाइल उघडली आणि तिला १४ मिळाला, कारण कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) नेहमी सर्वांत लहान मोकळा नंबर देतो. मग पहिल्या थ्रेडने पुन्हा १४ क्लोज केला, आणि याही वेळी उत्तर शून्यच. कर्नलच्या लेखी सगळं रीतसर. लॉगरची फाइल मात्र गेली. पुढचं आलेलं कनेक्शन १४ वर बसलं आणि लॉगर त्यावर लिहीत सुटला. डेव्हलपमेंट मशीनवर मधल्या वेळात तो नंबर कुणी घेत नाही, म्हणून तिथे दुसरा क्लोज ईबीएडीएफ (तोच 'बॅड फाइल डिस्क्रिप्टर' एरर) देऊन गप्प बसतो. क्लोजचा रिटर्न कोड कुणी बघत नाही, आणि फुकट मिळणारा एकमेव इशारा तिथेच वाया जातो.

आमच्याकडे दुसरा क्लोज करणारी होती एका पेमेंट उपकरणाची बंद (सोर्स कोड न मिळणारी) लायब्ररी. टाइमआउट झाला की तिचा एरर हँडलर सॉकेट बंद करायचा आणि डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट संपताना चालणारा कोड) तोच नंबर परत बंद करायचा. स्ट्रेसच्या ओळी, थ्रेड आयडी, स्टॅक, सगळं त्यांच्या सपोर्टला पाठवलं. दर वेळी एकच उत्तर: 'युलिमिट (प्रोसेसला किती एफडी मिळतील याची मर्यादा) वाढवा.' अहो, एफडी संपले तर ईएमएफआयएलई येतो, ईबीएडीएफ नाही! लिमिट कितीही वाढवलं तरी सर्वांत लहान मोकळा नंबरच मिळणार. पाठवलेली फाइल तिथे कुणी उघडूनही पाहिली नव्हती. आमचे वरिष्ठ मात्र विक्रेत्याचं ऐकत राहिले, आणि प्रत्येक 'लिमिट वाढवून बघा' पायी प्रॉडक्शन पुन्हा आडवं होत राहिलं. सगळ्यात जास्त वेळ तिथे गेला, बगमध्ये नाही. तेव्हा सपोर्टने 'लिमिट' म्हटलं की एरर कोड पुढे करा आणि वरच्या माणसाकडे तिकीट न्यायला सांगा. शेवटी ती लायब्ररी आम्ही वेगळ्या प्रोसेसमध्ये हलवली आणि पाइपवरून बोलू लागलो. थोडा वेग गेला, पण तिच्या चुकीने आमचे एफडी मरायचे थांबले. बंद लायब्ररीवर मला तरी दुसरा भरवशाचा उपाय माहीत नाही.

तुमच्या स्वतःच्या कोडसाठी माझं मत थोडं कडक आहे: क्लोजने ईबीएडीएफ दिला की तिथल्या तिथे अबॉर्ट करा. वॉर्निंग लिहून पुढे जाऊ नका. अँड्रॉइडमध्ये एफडीसॅन हेच काम करतो: प्रत्येक एफडीचा मालक नोंदवतो आणि दुसऱ्याच कुणी तो क्लोज केला की पकडतो. १० व्या आवृत्तीत तो नुसता इशारा द्यायचा, ११ पासून प्रोसेसच पाडतो. सुरुवातीला टीममध्ये आरडाओरडा होईल, होऊ द्या. सी++ मध्ये एफडी उघडा इंट (नुसता पूर्णांक) म्हणून इकडून तिकडे फिरवू नका, मूव्ह होणारा पण कॉपी न होणारा रॅपर वापरा. एफडीओपन (एफडीवर सी लायब्ररीची फाइल स्ट्रीम बसवणारं फंक्शन) केल्यावर तो एफडी फाइल स्ट्रीमचा झाला. मग फक्त एफक्लोज (स्ट्रीम बंद करणारं फंक्शन), वेगळा क्लोज नाही. डबल क्लोजची निम्मी प्रकरणं इथेच निघतात, असा माझा अनुभव. आणि कुणी सज्जनाने 'ईआयएनटीआर (मध्येच सिग्नल आल्याने काम तुटल्याचा एरर) आला तर क्लोज पुन्हा करा' असा लूप लिहून ठेवला असेल तर तो आधी काढा. लिनक्सवर तोवर एफडी सुटलेला असतो, त्यामुळे तो लूप म्हणजे तयार डबल क्लोजच. (इतर युनिक्सवर वागणूक वेगळी असू शकते, तिथलं मॅन पेज बघा.)

एलडी प्रीलोडने (प्रोग्रॅममध्ये आपली लायब्ररी आधी घुसवण्याची सोय) क्लोजवर पहारा बसवता येतो, पण जीलिबसीमध्ये (लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी) एफक्लोज आतल्या आत जो क्लोज करतो तो त्यात दिसत नाही. म्हणून आधी स्ट्रेसच लावा, थ्रेडसकट. प्रॉडक्शनवर तो जड पडतो, तेव्हा एकाच नोडवर आणि थोडाच वेळ.

जाता जाता: डीमन (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम) करताना ०, १, २ (स्टँडर्ड इनपुट, आउटपुट आणि एरर) क्लोज करून सोडून देऊ नका, त्यांवर डेव्ह-नल (लिहिलेलं सगळं टाकून देणारी फाइल) बसवा. ३० ऑगस्ट २०१३ च्या सुमारास फॉसिल या व्हर्जन कंट्रोल सिस्टमच्या मुख्य रिपॉझिटरीचा डेटाबेस याच कारणाने बिघडला: स्टँडर्ड एरर आधीच बंद झालेला, डेटाबेसच्या फाइलला २ नंबर मिळाला, आणि पुढे असर्टचा (कोडमधली तपासणी फसल्याचा) मेसेज थेट डेटाबेसवर लिहिला गेला. तो डेटाबेस एसक्यूलाइटचा; त्यानंतर आवृत्ती ३.८.१ पासून एसक्यूलाइट डेटाबेससाठी हे लहान नंबर घेतच नाही. तुमचं स्वतःचं फाइल फॉरमॅट असेल तर ही काळजी तुम्हालाच घ्यावी लागेल.

बिघाड व्हायच्या आधीच्या काही सेकंदांचा स्ट्रेस इथे टाका, फक्त ओपन, अ‍ॅक्सेप्ट, डुप आणि क्लोजच्या ओळी. कुठला थ्रेड दोनदा क्लोज करतोय ते शोधायला मी बसतो.