मार्चअखेर दीड लाखाची पुस्तकं कशी घ्यायची?

प्रश्न : मॅडम, तालुक्याच्या ठिकाणी अनुदानित कला-वाणिज्य महाविद्यालयात मी गेल्या वर्षी ग्रंथपाल म्हणून रुजू झालो. ग्रंथालयाची वार्षिक तरतूद 2 लाख 40 हजार आहे. त्यातले दीड लाख अजून शिल्लक आहेत. प्राचार्य म्हणतात, 31 मार्चच्या आत संपवा, नाहीतर पुढच्या वर्षी कात्री लागेल. एक विक्रेता सगळ्या विषयांचा संच 40 टक्के सवलतीने द्यायला तयार आहे. विभागप्रमुखांना सगळ्यांना सारखी रक्कम हवी आहे. शिवाय एन-लिस्ट ही ई-जर्नलची ऑनलाइन सेवा घेतलीच आहे, तर छापील पुस्तकं कमी करावीत का?
— एक ग्रंथपाल, सोलापूर जिल्हा

उत्तर : त्या 40 टक्केवाल्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

फेब्रुवारी लागला की ही मंडळी टेम्पो भरूनच निघतात. संचातली कुठलीही चार पुस्तकं उचला, शीर्षकपानाची मागची बाजू उघडा आणि आवृत्तीचं साल बघा. पुनर्मुद्रण ताजं असतं, आतला मजकूर जुन्याच अभ्यासक्रमाचा. मग किमतीकडे वळा. छापील आकड्यावर स्टिकर असेल तर नखाने सोला. खाली 250 आणि वर 595 निघाले, तर 40 टक्के वजा जाऊनही पुस्तक तुम्हाला 357 ला पडतं, म्हणजे मूळ किमतीपेक्षा 107 रुपये जास्त! माझ्या अनुभवात मराठी प्रकाशकाकडून थेट घेतलं तर 20-25 टक्के न भांडता सुटतात. त्याच्या फार पुढे कोणी गेला, तर आधी संशय घ्यावा. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, तो बिलात लावलेला दिसला तर बिल परत करा. ‘पॅकिंग-फॉरवर्डिंग’ नावाची ओळही आदेशातच नाकारून ठेवा.

आता दीड लाखाचं. सरासरी 300 रुपये धरले तरी ही पाचशे पुस्तकं झाली. त्यांची दाखल नोंद, शिक्के, वर्गांक, पाठीवरचं लेबल हे सगळं तुम्ही आणि एक परिचर मार्चमध्ये, परीक्षेच्या गर्दीत करणार आहात का? बिलाच्या मागे ‘सदर पुस्तके दाखल क्रमांक अमुक ते तमुक अन्वये नोंदविली’ असं लिहून तुम्हाला सही करायची असते. पुस्तकं गठ्ठ्यातच असताना ती सही करू नका, प्राचार्यांनी गळ घातली तरी. लेखापरीक्षक आला की सही तुमचीच दिसते.

प्राचार्यांना एवढंच विचारा, पैसा कुठला आहे? अनुदानित महाविद्यालयात सरकारचा पैसा मुख्यतः पगाराला येतो. पुस्तकांना येतो तो बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यांच्या शुल्कातून आणि संस्थेच्या खिशातून. तसं असेल तर 31 मार्चला तो कुणी परत मागत नाही. शिल्लक पुढे ओढता येते का, हे लेखा विभागाला विचारून ग्रंथालय समितीत ठराव करून घ्या. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, तक्त्याची भीती घातली तर सांगा, एका मार्चने काही बिघडत नाही. एखाद्या योजनेचा निधी असेल आणि उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) द्यायचं असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. तेवढा भाग प्राध्यापकांच्या पडून असलेल्या मागणीपत्रांवर लगेच खर्च करा, संचावर नाही.

खरा घोळ जूनमध्ये होतो. संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा 2024-25 ला प्रथम वर्षापासून आला, म्हणजे पुढे दरवर्षी एकेक वर्ष बदलत जाणार हे आधीच ठाऊक होतं. ज्या वर्गाचा अभ्यासक्रम बदलतोय त्याच्या पुस्तकांना सगळ्यात मोठा वाटा, तोही जून-जुलैतच. पाठ्यपुस्तकाची दहा विद्यार्थ्यांमागे एक प्रत धरा, संदर्भग्रंथाची एक पुरे. नियतकालिकांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर आणि आपलं एप्रिल ते मार्च. म्हणून नूतनीकरण ऑक्टोबरात काढा, आणि अंक आला नाही तर वर्षअखेरीची वाट न बघता लगेच स्मरणपत्र धाडा. पैसे आगाऊ घेऊन गायब झालेले वर्गणी एजंट मी पाहिलेत.

सारखी वाटणी हा भांडण टाळायचा मार्ग आहे, पुस्तकं घ्यायचा नव्हे. वाणिज्यला चारशे पोरं आणि तत्त्वज्ञानाला बारा. नुसत्या डोक्यांवर वाटलं तर तत्त्वज्ञान उपाशी मरतं, सारखं वाटलं तर वाणिज्यची पोरं झेरॉक्सच्या दुकानात जातात. मी प्रत्येक विभागाला एक छोटी ठरावीक रक्कम देत असे. बाकीची विद्यार्थीसंख्या आणि वर्षभराची देवघेव बघून वाटायची, आणि पाचवा हिस्सा ग्रंथालयाच्या हाती ठेवायचा. कोश, स्पर्धा परीक्षा, कुणाच्याच विभागात न बसणारी पुस्तकं त्यातून यायची. शिवाय एक अट : 15 नोव्हेंबरपर्यंत मागणीपत्र आलं नाही, तर त्या विभागाचे पैसे सामायिक खात्यात. पहिल्या वर्षी आरडाओरडा होतो. दुसऱ्या वर्षी ऑगस्टातच याद्या येतात.

हा पाचवा हिस्सा कशावर घालायचा, ते विद्यार्थीच सांगतात. काउंटरला सुतळीने एक शंभरपानी वही बांधा. पोरगं पुस्तक मागतं आणि नाही म्हणावं लागतं, की तिथे नाव, वर्ग, पुस्तक लिहून घ्या. एकाच नावापुढे पाच-सहा जण दिसले की समितीची वाट कशाला बघायची?

राहिलं एन-लिस्ट. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राची ही सेवा अनुदानित महाविद्यालयाला वर्षाला करासह 5,900 रुपयांत मिळते, त्यात सहा हजारांहून जास्त ई-जर्नल आहेत. इतकं स्वस्त दुसरं काही नाही, ते सोडू नका. पण ते बरंचसं इंग्रजी आहे. मराठी माध्यमातून बी.ए. करणाऱ्या मुलीला तिचं पाठ्यपुस्तक तिथे सापडणार नाही, मग छापील कशाच्या जोरावर कमी करणार? ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’वरही विसंबू नका. 2025 ते 2027 साठी 6,000 कोटींची, तीस प्रकाशकांची सुमारे 13,000 जर्नल देणारी ती योजना सुरुवातीला केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे. तुमचं व्यवस्थापन खासगी संस्थेचं असेल, तर अंदाजपत्रकात तिला धरू नका.

प्रश्न : मी अर्थशास्त्र शिकवते. मी सुचवलेल्या परदेशी पुस्तकाची किंमत विक्रेत्याने डॉलरच्या बाजारभावापेक्षा चढ्या दराने लावली. ग्रंथपाल म्हणतात, तसंच असतं.
— प्राध्यापिका, रत्नागिरी

उत्तर : थोडंफार तसंच असतं, पण मनमानी चालत नाही. आपल्याकडे पुस्तकव्यवहारात गुड ऑफिसेस कमिटी या पुस्तकव्यवसायातल्या समितीचे विनिमय दर वापरायची पद्धत आहे. बिलावर कुठल्या महिन्याचा दर लावला ते लिहून मागा, सोबत प्रकाशकाच्या किमतीचा पुरावाही. त्याआधी त्या पुस्तकाची भारतीय उपखंडासाठीची स्वस्त आवृत्ती आहे का, हे तुम्हीच बघा. विक्रेता आपणहून सांगेल ही आशा सोडा.

प्रश्न : वडिलांची नऊशे पुस्तकं महाविद्यालयाला द्यायची आहेत. त्यांच्या नावाचं वेगळं कपाट ठेवतील का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : कपाटाची अट काढून टाका. पुस्तकं विषयाप्रमाणे विखुरली तरच वाचली जातात, आत चिकटवलेल्या पट्टीवर वडिलांचं नाव राहीलच. भेटीची पुस्तकंही ग्रंथालयाला फुकट पडत नाहीत. दाखल क्रमांक, बांधणी, फळीची जागा यांचा खर्च असतोच. म्हणून टेम्पो न पाठवता आधी यादी पाठवा. जुनी गाइडं आणि वाळवी लागलेलं काही असेल तर ते घरीच काढा. जिल्ह्याचा इतिहास, जुनी गॅझेटियरं, सलग दिवाळी अंक असतील तर यादीत सगळ्यात वर लिहा. ग्रंथपाल त्यासाठी तुमच्या घरापर्यंत येईल.