सोलापूर स्टेशनच्या फुकट वायफायवर क्रिप्टो वॉलेट उघडलं तर पैसे जातील का?

नुसतं उघडल्याने नाही जात. व्यवहारावर सही तुमच्या फोनमध्येच होते, प्रायव्हेट की, म्हणजे पैशांवर ताबा देणारी गुप्त किल्ली, वायफायवर जातच नाही. बाहेर पडतो तो सही झालेला व्यवहार, आणि तो तसाही ब्लॉकचेनवर, म्हणजे क्रिप्टोच्या सार्वजनिक नोंदवहीत, सगळ्या जगाला दिसतो.

खरी गोम वायफायच्या नावात आहे. मागे हुतात्मा एक्स्प्रेसची वाट बघत बसलो होतो, तर यादीत एकसारखी दोन नावं. एकाने ओटीपी मागितला, दुसरं काही न विचारता जोडलं गेलं. एवढं आदरातिथ्य कोण करतं हो? मी लगेच तोडलं. असं बनावट हॉटस्पॉट तुम्हाला वॉलेटसारख्याच दिसणाऱ्या पानावर नेऊ शकतं, आणि ते पान मागतं तुमचे 12 किंवा 24 रिकव्हरी शब्द, ज्यांवरून अख्खं वॉलेट दुसऱ्या फोनवर उघडता येतं. ते अशा पानावर टाइप केले की संपलं. नेटवरची ये-जा झाकणारं व्हीपीएनसुद्धा तिथे वाचवत नाही. ब्राउझरने सर्टिफिकेटचा (साइटच्या ओळखपत्राचा) इशारा दिला तर ‘पुढे जा’ दाबू नका.

एक्स्चेंजचं, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपनीचं खातं असेल तर ओटीपी एसेमेसऐवजी ऑथेंटिकेटर ॲपवर (फोनमध्येच कोड तयार करणाऱ्या ॲपवर) घ्या.

मी स्वतः पैसे पाठवायचे असले की मोबाइल डेटाच वापरतो. दोन-चार एमबीचा तर प्रश्न.